मायोसिसमध्ये डीएनएची दुरुस्ती आणि गुणसूत्रांची वाटणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न ठाणे, कळवा, ऐरोली, वाशी या पट्ट्यातून येतात. विचारणारे कधी बारावी-बीएस्सीची मुलं असतात, कधी त्यांचे पालक, तर कधी रक्ततपासणीचा रिपोर्ट हातात घेऊन घाबरलेलं जोडपं. शाळेत अर्धगुणसूत्री विभाजन म्हणजेच मायोसिस शिकवताना सगळा भर विविधतेवर असतो: भावंडं वेगळी का दिसतात वगैरे. ते बरोबरच आहे, पण पेशीपुढचा तातडीचा प्रश्न निराळा असतो. आईकडून आलेलं आणि वडिलांकडून आलेलं गुणसूत्र एकमेकांना शोधणार कसं, आणि सुटायची वेळ येईपर्यंत धरून राहणार कसं? त्यासाठी पेशी डीएनए तोडते आणि ठरावीक पद्धतीने दुरुस्त करते. दुरुस्ती नीट झाली तरच वाटणी नीट होते. खालची बहुतेक उत्तरं या एकाच धाग्याची आहेत.

सूत्री विभाजन (मायटोसिस) येतं. मायोसिसमध्ये वेगळं काय लक्षात ठेवायचं?

नक्कल एकदा, विभाजन दोनदा. माणसात ४६ गुणसूत्रांच्या पेशीतून २३ गुणसूत्रांच्या पेशी तयार होतात. पहिल्या विभाजनात समजात जोडीदार, म्हणजे आईकडचं आणि वडिलांकडचं गुणसूत्र, एकमेकांपासून दूर जातात, दुसऱ्यात भगिनी अर्धगुणसूत्रं, म्हणजे एकाच गुणसूत्राच्या दोन प्रती, सुटतात. दुसरं विभाजन बरंचसं सूत्रीसारखंच असतं. सगळी गंमत आणि बहुतेक गडबड पहिल्यात.

पेशी मुद्दाम स्वतःचा डीएनए तोडते, हे खरं आहे का?

खरं आहे, आणि एक नव्हे, दोन्ही धागे तोडते. किरणोत्सर्गाने असा दुहेरी काप पडला आणि तो तसाच राहिला, तर पेशी मरू शकते. मायोसिसमध्ये मात्र लेप्टोटीन अवस्थेत, म्हणजे पहिल्या विभाजनाच्या अगदी सुरुवातीला, पेशी स्वतःहून असे शेकडो काप घेते. काप घेणारं प्रथिन म्हणजे स्पो-११. यीस्टवर काम करणाऱ्या स्कॉट कीनी, क्रेग जिरू आणि नॅन्सी क्लेकनर यांनी १९९७ मध्ये ते दाखवून दिलं. त्याच वर्षी फ्रान्समधल्या एका गटाला सूक्ष्मजीवांतल्या टोपोआयसोमरेज विकराशी त्याचं नातं सापडलं. म्हणजे डीएनएचा पीळ सोडवण्यासाठी तो कापून पुन्हा जोडणाऱ्या विकरांच्या घराण्यातलंच हे एक. फरक एवढाच, की स्पो-११ कापतं आणि तुटलेल्या टोकाला चिकटून बसतं, पुन्हा जोडत नाही. मग एमआरई-११ आणि त्याचे साथीदार शेजारी एक चीर देऊन त्याला डीएनएच्या तुकड्यासकट बाजूला काढतात.

हे प्रथिन काढून टाकलं तर? यीस्टची बीजुकं जवळजवळ सगळी मरतात, कारण गुणसूत्रांची वाटणी कशीही होते. उंदरात नर आणि मादी दोघंही वंध्य होतात.

अपवाद हवाच असेल तर फळमाशीचा नर बघा. त्याच्यात क्रॉसिंग ओव्हर, म्हणजे जोडीदार गुणसूत्रांमधली तुकड्यांची अदलाबदल, होतच नाही, हे टी. एच. मॉर्गन यांनी १९१२ मध्येच नोंदवलं होतं. तरीही त्याची गुणसूत्रं व्यवस्थित वाटली जातात, कारण त्याच्याकडे जोडी धरून ठेवायची दुसरी सोय आहे. तोंडी परीक्षेत हे सांगितलंत तर परीक्षक मान वर करून बघतील.

इतके काप घेणं धोक्याचं नाही? त्यावर कोणाचं नियंत्रण असतं?

धोक्याचं आहेच, म्हणून तर आवर घालायची व्यवस्था आहे. उंदराच्या एका पेशीत साधारण २०० ते ३०० काप पडतात. एका जागी काप पडला की एटीएम नावाचं कायनेज (दुसऱ्या प्रथिनांवर फॉस्फेट बसवणारं विकर) जागं होतं आणि आसपास आणखी काप पडू देत नाही. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात एटीएम नसलेल्या उंदरांमध्ये स्पो-११ ने केलेल्या कापांचं प्रमाण दहापटीहून जास्त वाढलेलं दिसलं. जखम झाल्याचा निरोप देणारं प्रथिनच नवीन जखमांना आवर घालतं! या विषयातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट हीच. दुरुस्तीचं नियंत्रण दुरुस्ती सुरू झाल्यावर येत नाही, ते काप पडत असतानाच सुरू झालेलं असतं.

एटीएममधल्या दोषामुळे माणसात अॅटॅक्सिया टेलान्जिएक्टेसिया हा आजार होतो. त्यात तोल जातो, प्रतिकारशक्ती कमी होते, कर्करोगाचा धोका वाढतो आणि जननग्रंथींची वाढही नीट होत नाही.

काप कुठेही पडतात का?

नाही. माणसात आणि उंदरात पीआरडीएम-९ हे प्रथिन डीएनएवरचे ठरावीक क्रम ओळखून तिथल्या हिस्टोनवर, म्हणजे डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळलेला असतो त्या प्रथिनांवर, खूण करतं, आणि काप बहुतकरून त्याच ठिकाणी पडतात. २०१० मध्ये तीन गटांनी हे जवळजवळ एकाच वेळी प्रसिद्ध केलं. कुत्र्यांत हे जनुक निकामी झालेलं आहे, तरी कुत्री पिल्लं घालतातच. त्यांच्यात काप जनुकांच्या सुरुवातीच्या भागांत पडतात.

दुरुस्तीसाठी शेजारी हुबेहूब भगिनी असताना पेशी लांबचा समजात जोडीदार का गाठते?

चांगला प्रश्न, आणि क्लासच्या नोट्समध्ये हमखास गाळला जाणारा. साध्या पेशीत असा काप पडला तर भगिनीवरून नक्कल करणं सगळ्यात सोपं असतं: ती जवळ असते आणि अक्षर न् अक्षर तीच असते. मायोसिसमध्ये तसंच झालं तर डीएनए सांधला जाईल, पण आईकडच्या आणि वडिलांकडच्या गुणसूत्रांत धागा जुळणार नाही. म्हणून पेशी भगिनीकडे जायची वाट मुद्दाम अवघड करते. यीस्टमध्ये गुणसूत्राच्या अक्षावर हॉप-१ आणि रेड-१ ही प्रथिनं असतात. काप पडला की त्यांच्या मदतीने मेक-१ हे कायनेज कामाला लागतं आणि भगिनीवरची दुरुस्ती मंदावतं. सस्तन प्राण्यांत हॉप-१ चे नातेवाईक हॉरमॅड या नावाने ओळखले जातात.

आता तुटलेलं टोक जवळून बघू. दोनपैकी एक धागा कुरतडला जातो आणि दुसऱ्याची एकेरी शेपटी उघडी पडते. तिच्यावर रॅड-५१ आणि डीएमसी-१ यांची रांग लागते. रॅड-५१ शरीरात सगळीकडे दुरुस्ती करतं. डीएमसी-१ मात्र खास मायोसिससाठीच, १९९२ मध्ये यीस्टमध्ये सापडलेलं. ही शेपटी समजात गुणसूत्राच्या दुहेरी धाग्यात शिरते, जुळणारा क्रम सापडतो का ते पाहते, नाही जुळला तर बाहेर येऊन पुढे सरकते. जुळला की तोच नमुना धरून हरवलेला भाग भरून काढला जातो. म्हणजे जोडीदाराचा शोध आणि दुरुस्ती हे एकच काम आहे.

दोनशे काप, पण क्रॉसओव्हर पन्नासच्या आसपास. बाकीचे कुठे गेले?

दुरुस्त झाले, पण अदलाबदल न करता. शेपटी जोडीदाराकडून नक्कल करून परत स्वतःच्या घरी येते आणि जखम मिटते. पुरुषाच्या एका पेशीत साधारण ५० आणि स्त्रीच्या पेशीत साधारण ७० क्रॉसओव्हर होतात. क्रॉसओव्हर कुठे होणार हे एमएसएच-४ व एमएसएच-५ ही जोडगोळी आणि पुढे एमएलएच-१ व एमएलएच-३ यांच्या कामातून पक्कं होतं. यातलं एमएलएच-१ एरवी डीएनएची नक्कल करताना झालेल्या चुका सुधारतं, आणि त्याच्या दोषामुळे लिंच सिंड्रोम हा आतड्याच्या कर्करोगाशी जोडलेला आनुवंशिक विकार होतो. चुकीच्या जोड्या सुधारण्याची यंत्रणा उलगडल्याबद्दल पॉल मॉड्रिच यांना २०१५ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला.

इथे दोन नियम पाळले जातात. पहिला: प्रत्येक जोडीला किमान एक क्रॉसओव्हर मिळायलाच हवा. दुसरा: एका क्रॉसओव्हरच्या जवळ सहसा दुसरा होत नाही. ठाण्याच्या रिकाम्या टीएमटी बसमध्ये चढलेले प्रवासी जसे एकमेकांपासून लांबच्या खिडक्या धरतात, तसे ते अंतर राखून बसतात. ही गोष्ट शंभरहून अधिक वर्षं माहीत आहे. कारण मात्र अलीकडे उलगडतंय. अरॅबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातल्या रोपात असं दिसलं, की एचईआय-१० हे प्रथिन जोडलेल्या गुणसूत्रांच्या लांबीवर पसरतं आणि हळूहळू मोजक्या ठिकाणी गोळा होतं. मोठ्या ठिपक्यांकडे ते वाढत जातं, लहान ठिपके विरून जातात. जिथे मोठा ठिपका, तिथे क्रॉसओव्हर.

सिनॅप्टोनीमल कॉम्प्लेक्स म्हणजे काय?

समजात जोडीला पॅकिटीन या पुढच्या टप्प्यात लांबीभर जवळ धरणारी प्रथिनांची शिडीसारखी रचना. १९५६ मध्ये माँट्रोझ मोझेस यांनी ती गोड्या पाण्यातल्या क्रेफिशच्या शुक्रजनक पेशींत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. त्याच वर्षी डॉन फॉसेट यांनीही स्वतंत्रपणे. त्यानंतरच्या डिप्लोटीन टप्प्यात ती विरते आणि मग जोडी टिकते ती क्रॉसओव्हरवर. सूक्ष्मदर्शकात दिसणारी फुली, म्हणजे कायझ्मा, ती हीच. फक्त या दोन गोष्टींत गोंधळ करू नका: सिनॅप्टोनीमल कॉम्प्लेक्स तात्पुरतं, कायझ्मा पहिल्या विभाजनापर्यंत.

काही काप दुरुस्त व्हायचे राहिले तर पेशी पुढे जाते का?

सहसा नाही, ती थांबते. यीस्टमध्ये तर हिशेब फार सुटसुटीत आहे. काप शिल्लक असेपर्यंत मेक-१ जागं असतं, आणि ते जागं असेपर्यंत एनडीटी-८० हा मुख्य स्विच दबलेला राहतो. काप संपले की मेक-१ शांत होतं, एनडीटी-८० सुरू होतं आणि विभाजनाची जनुकं चालू होतात. वेळापत्रक घड्याळावर चालत नाही, उरलेल्या कामावर चालतं.

सस्तन प्राण्यांत नर आणि मादी यांच्यात फरक आहे. नराच्या पेशी कडक शिस्तीच्या: जोडी जुळली नाही किंवा दुरुस्ती अडली तर पॅकिटीनमध्येच मरतात. अशा पुरुषाच्या वीर्यात शुक्रपेशी सापडत नाहीत. अंडपेशींत सीएचके-२ हे कायनेज पी-६३ या प्रथिनाला इशारा देतं आणि खराब डीएनए असलेली पेशी बाद होते. तरीही मादीची गाळणी नरापेक्षा ढिली आहे. काही सदोष अंडपेशी तिच्यातून निसटतात.

मुलग्यांमध्ये एक्स आणि वाय इतके वेगळे. त्यांची जोडी कशी जुळते?

दोघांच्या टोकांशी सारखे असलेले छोटे पट्टे असतात. त्यातला मोठा सुमारे २७ लाख आधारजोड्यांचा. सबंध गुणसूत्राच्या मानाने ही जागा चिमूटभर, आणि पुरुषात एक क्रॉसओव्हर तिथे व्हावाच लागतो. तो चुकला तर एक्स आणि वाय एकाच शुक्रपेशीत जाऊ शकतात, आणि ४७ गुणसूत्रांचं एक्सएक्सवाय मूल, म्हणजे क्लाइनफेल्टर सिंड्रोम, संभवतो. न जुळलेला उरलेला भाग पेशी एटीआर कायनेजच्या मदतीने गुंडाळून गप्प करून ठेवते.

क्रॉसओव्हर झाला, गुणसूत्रं गुंतली. मग ती सुटतात कशी?

आता कोहेसिन. नक्कल होतानाच भगिनी अर्धगुणसूत्रांभोवती या प्रथिनांची कडी बसतात. मायोसिसमध्ये या कड्यांत आरईसी-८ हा खास भाग असतो. क्रॉसओव्हरच्या पलीकडच्या भागात भगिनींना धरणाऱ्या या कड्यांमुळेच समजात जोडीदारही अडकून राहतात. कडी नसती, तर क्रॉसओव्हर नुसताच सरकून निघून गेला असता.

पहिल्या विभाजनाच्या वेळी सेपरेज नावाचं विकर गुणसूत्रांच्या बाहूंवरची कडी कापतं आणि जोडीदार सुटतात. पण गुणसूत्रबिंदूजवळची कडी शाबूत राहायला हवी, नाहीतर भगिनी दुसऱ्या विभाजनाआधीच भरकटतील. तिथे शुगोशिन पहारा देतं. सेपरेजला कापता यावं म्हणून आरईसी-८ वर फॉस्फेट बसलेलं असावं लागतं. शुगोशिन पीपी-२ए हे विकर सोबत आणून ते फॉस्फेट काढत राहतं. योशिनोरी वातानाबे यांच्या टोकियोतल्या गटाने २००४ मध्ये यीस्टमध्ये ते ओळखलं. दुसऱ्या विभाजनाच्या वेळी हे संरक्षण उठतं आणि उरलेली कडी कापली जातात.

एका कात्रीने दोन हप्त्यांत कापायचं, आणि दरम्यान फक्त मध्यावर पहारा बसवायचा. इतकी स्वच्छ रचना जीवशास्त्रात फार थोड्या ठिकाणी दिसते, निदान माझ्या पाहण्यात.

तुर्कतंतू (गुणसूत्रांना ओढणारे धागे) बरोबर जोडले गेलेत हे पेशीला कसं कळतं?

ताणावरून. ब्रूस निकलस यांनी नाकतोड्याच्या जिवंत शुक्रजनक पेशींत अतिसूक्ष्म सुई घालून गुणसूत्रं ओढून पाहिली. चुकीची जोडणी एरवी सुटून जाते, पण सुईने ताण दिला की तीच जोडणी टिकून राहते, हे १९६९ मध्ये प्रसिद्ध झालं. पुढे १९९५ मध्ये त्यांनी आणि शाओताँग ली यांनी प्रार्थना कीटकाच्या पेशीत प्रयोग केला. एक सुटं एक्स गुणसूत्र असेल तर ती पेशी विभाजन अडवून ठेवते. सुईने त्या एक्सला ओढल्यावर पेशी समाधानी झाली आणि विभाजन सुरू झालं. ताण नसलेली जोडणी तोडायचं काम ऑरोरा कायनेज करतात; मोकळ्या गुणसूत्रांची वर्दी एमएडी-२ सारखी प्रथिनं देतात आणि तोवर सेपरेज बांधलेलं राहतं.

ताण हवा तर जोडीदार एकमेकांना धरून हवेत. म्हणजे पुन्हा तेच: क्रॉसओव्हर नाही तर ताण नाही, आणि ताण नाही तर वाटणी रामभरोसे.

आईचं वय वाढलं की धोका का वाढतो? तिची दुरुस्ती यंत्रणा थकते का?

थकण्याचा थोडा वाटा असेलही, पण मोठं कारण म्हणजे थांबण्याचा काळ. मुलीच्या अंडपेशींत काप, जोडणी आणि क्रॉसओव्हर हे सगळं ती स्वतः आईच्या पोटात असतानाच उरकतं. विसाव्या आठवड्याच्या सुमारास ६० ते ७० लाख अंडपेशी असतात. जन्मवेळी १० ते २० लाख उरतात. मग प्रत्येक पेशी पहिल्या विभाजनाच्या मधेच थबकते. अठ्ठाविसाव्या वर्षी फळणारी अंडपेशी अठ्ठावीस वर्षं थबकलेली, चाळिशीतली चाळीस वर्षं. इतका काळ जोडीदारांना धरून ठेवतात ती जन्माआधी बसवलेली कोहेसिनची कडी. उंदरांवरच्या प्रयोगांत ही कडी नंतर बदलली जात नाहीत, आणि वयाबरोबर त्यांची संख्या घटत जाते, असं दिसलंय. पकड सैल झाली की जोड्या आणि भगिनी वेळेआधी सुटतात.

त्यात माणसाच्या अंडपेशीत तारककेंद्रं नसतात. तिचे तुर्कतंतू रचायला सुमारे १६ तास लागतात आणि ते बराच काळ डळमळीत असतात. चुका पकडणारी तपासणीही अंडपेशीत फारशी कडक नाही.

आकडे हवेत तर: जन्माच्या वेळी डाउन सिंड्रोमची शक्यता आईच्या पस्तिशीत साधारण ३५० त १, चाळिशीत साधारण १०० त १. तरीही डाउन सिंड्रोम असलेली बरीच मुलं पस्तिशीच्या आतल्या आयांना होतात, कारण मुळात बाळंतपणं त्याच वयात जास्त असतात.

डाउन सिंड्रोम असलेलं मूल झालं म्हणून घरचे सुनेला बोलतात. दोष तिचा का?

नाही. जेरोम लेजून, मार्थ गोतिये आणि रेमाँ तुर्पँ यांनी १९५९ मध्ये दाखवलं, की २१ क्रमांकाचं एक गुणसूत्र जास्तीचं असतं. सुमारे ९० टक्के वेळा ते अंडपेशीतून येतं, हे खरं. पण अंडपेशीतून येणं आणि बाईमुळे होणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. ज्या जोडणीत ही गडबड रुजते ती तिच्या जन्माआधीची. तिने काय खाल्लं, किती काम केलं, देवाचं काय राहिलं, याचा त्यात काडीचा संबंध नाही. सासूबाई ऐकत नसतील तर जनुकीय समुपदेशकाकडे त्यांनाही सोबत न्या. डॉक्टरच्या तोंडून ऐकलेलं पटतं, असा अनुभव आहे.

एक गोष्ट मात्र जरूर करा: बाळाचा कॅरिओटाइप, म्हणजे गुणसूत्रांची तपासणी, पाहा. थोड्या मुलांत जास्तीचं २१ दुसऱ्या गुणसूत्राला चिकटलेलं असतं. तसं निघालं तर आईवडील दोघांचीही तपासणी लागते, कारण पुढच्या खेपेचा धोका वेगळा ठरतो.

ग्रहणात चिरल्याने बाळाच्या गुणसूत्रांत दोष येतो का?

येत नाही. गर्भ राहिला तेव्हाच त्या अंडपेशीची दोन्ही विभाजनं उरकलेली असतात.

बीआरसीए-२ म्हणजे स्तनाच्या कर्करोगाचं जनुक ना? त्याचा इथे काय संबंध?

खारघरच्या अॅक्ट्रेक या कर्करोग केंद्रामुळे नवी मुंबईत हे नाव बऱ्याच घरांत पोहोचलंय, म्हणून प्रश्नही येतो. बीआरसीए-२ हे रॅड-५१ ला तुटलेल्या धाग्यावर बसवतं. मायोसिसमध्ये डीएमसी-१ च्या कामातही त्याची मदत होते. ज्यांच्याकडे या जनुकाची एक प्रत सदोष आहे त्यांच्यात दुसरी प्रत काम भागवते, त्यामुळे मायोसिस होतं. कर्करोगाचा धोका वाढतो तो शरीरातल्या एखाद्या पेशीत ती दुसरी प्रतही गेल्यावर.

हे प्रत्यक्ष पाहता येईल का?

येईल, आणि पाहायलाच हवं. कांद्याच्या मुळाची टोकं यासाठी चालत नाहीत, तिथे सूत्री विभाजन दिसतं. हव्यात त्या कांद्याच्या डेंगळ्यावरच्या (फुलाच्या दांड्यावरच्या) कोवळ्या कळ्या. थंडीत जुन्नर किंवा नाशिककडे बियाण्याचा कांदा लावणारं कोणी ओळखीचं असेल तर सकाळी काढलेल्या कळ्या तीन भाग अल्कोहोल आणि एक भाग ग्लेशियल अॅसिटिक अॅसिडमध्ये टाकून आणायला सांगा. फुलायला आलेल्या कळीत परागकण तयार होऊन गेलेले असतात, म्हणून छत्रीतल्या लहान-मोठ्या सगळ्या कळ्या तपासा. परागकोश अॅसिटोकार्मिन या रंगात गंजक्या सुईने कुस्करा. त्या लोखंडाने रंग गडद चढतो. कांद्यात १६ गुणसूत्रं, म्हणजे ८ जोड्या. मध्यावस्थेत काही जोड्या कड्यासारख्या दिसतील, काही दांडीसारख्या: दोन्ही बाहूंवर कायझ्मा असेल तर कडं, एकाच बाहूवर असेल तर दांडी.

नाकतोड्याचा नर याहून सोपा. त्याच्या बऱ्याच जातींत २३ गुणसूत्रं असतात आणि एक्सला जोडीदारच नसतो, तो एकटा वेगळा ओळखू येतो. पावसाळ्यानंतर गवतात भरपूर मिळतात. फक्त येऊरला जाऊन पकडू नका, तो भाग राष्ट्रीय उद्यानात येतो. कॉलेजच्या आवारातलं गवत पुरेसं आहे, आणि आधी प्राध्यापकांना विचारा.